पताकांचा डबा

चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी आमच्या घरात खळीचा वास असायचा. आई चुलीवर छोट्या पातेल्यात गव्हाचं पीठ पाण्यात कालवून ढवळत बसायची. हात थांबला की गुठळी होते, आणि गुठळीवर चिकटवलेला कागद वाळल्यावर फुगतो, म्हणून अण्णा मधूनमधून स्वयंपाकघरात डोकावून जात. खळ पांढुरकी जाऊन काचेसारखी दिसायला लागली की पातेलं खाली उतरायचं आणि त्यात चिमूटभर मोरचूद पडायचं. त्यानं कागदाला झुरळ, कसर लागत नाही. पण मोरचूद विषारी, म्हणून ते पातेलं वेगळं, त्यातला चमचा वेगळा, आणि काम संपेपर्यंत आम्हा मुलांना तोंडात बोटसुद्धा घालायची बंदी.

अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शाळेच्या पताका आमच्याच सोप्यात तयार व्हायच्या. सतरंजीवर घोटीव कागदाचे ताव, दोन कात्र्या, सुतळीचा गुंडा, आणि रात्री उशिरापर्यंत जागायची परवानगी. पताका म्हटलं की डोळ्यांसमोर त्रिकोण येतो, पण अण्णा त्रिकोण कापत नसत. ते शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा कापत, मधोमध दुमडत, घडीत सुतळी घालत आणि दोन्ही अर्धे एकमेकांवर खळीनं चिकटवत. सुतळी घडीत बसल्यामुळे पताका वाऱ्यानं सरकत नाही, कागद दुहेरी झाल्यामुळे लगेच फाटत नाही, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंनी रंग दिसतो. "रस्त्यानं येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला सारखंच दिसलं पाहिजे," असं ते म्हणत. एका बाजूनं रंगीत आणि पाठीमागून पांढरी पताका त्यांना अर्धवट काम वाटायची.

मी चौथीत असताना मला वाटलं, आपल्या घराच्या दारालाही काहीतरी करावं. अण्णा शाळेच्या कामात होते, तेव्हा मी एकटीनंच माडीवर बसून कागदी झेंड्यांचं तोरण केलं. केशरी आणि हिरव्यासाठी क्रेप कागद, मध्ये वहीचा पांढरा कागद, आणि प्रत्येकावर निळ्या शाईच्या पेनानं चक्र. एकवीस झेंडे झाले. पंधरा ऑगस्टला पहाटे उठून मी ते दाराच्या चौकटीला बांधलं आणि प्रभातफेरीला गेले.

पाऊस कधी आला ते कळलंच नाही. शाळेत ध्वजवंदन झालं, खाऊ वाटला, आम्ही छत्र्यांमधून घरी आलो. दारात पाहिलं तर हिरव्या रंगाचे ओघळ चौकटीवरून उंबऱ्यापर्यंत आले होते. क्रेप कागद ओला झाला की रंग सोडतो, हे मला ठाऊक नव्हतं. पांढऱ्या पट्ट्या हिरव्यागार झाल्या होत्या, शाईची चक्रं निळा डाग होऊन पसरली होती, आणि सात-आठ झेंडे तुटून पायऱ्यांवर पडले होते. दोन-तीन तर गटाराच्या पाण्यात. येणारे-जाणारे त्यांच्यावरून गेले होते. चिखलाच्या चपलेचा ठसा एका झेंड्यावर स्पष्ट उमटला होता.

अण्णा रागावतील असं वाटलं होतं. ते काहीच बोलले नाहीत. धोतराचा सोगा वर खोचून ते गटाराजवळ बसले आणि एकेक झेंडा हातानं उचलला. आत जाऊन आईकडून धुतलेला पंचा मागून घेतला, त्यात ते सगळे गुंडाळले आणि माजघरात कोरड्या जागी ठेवले. तिन्हीसांजेला, गल्लीत कोणी नाही असं पाहून, परसातल्या स्वच्छ सारवलेल्या जागी त्यांनी ते जाळले. राख तुळशीच्या मुळाशी घातली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तोरण झेंड्यासाठी असतं बाळ. झेंड्याचं तोरण नाही करायचं."

मला तेव्हा ते अण्णांचं स्वतःचं मत वाटलं होतं. ते वाक्य किती अक्षरशः खरं आहे, हे फार पुढे कळलं. भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू झाली, त्यानंतर वर्षाच्या कोणत्याही दिवशी सामान्य माणसाला घरावर ध्वज लावता येऊ लागला, आणि मी ती संहिता पहिल्यांदा मुळातून वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की राष्ट्रध्वजाचा वापर तोरण, पताका, फुलासारखी गुंडी किंवा इतर कुठल्याही सजावटीसाठी करायचा नाही. कागदी झेंडे राष्ट्रीय सणाला हातात धरून फडकवता येतात, पण कार्यक्रम संपल्यावर ते जमिनीवर टाकायचे नाहीत. शक्यतो एकांतात, ध्वजाचा मान राखून त्यांची विल्हेवाट लावायची. फाटका, मळका ध्वजही असाच खासगीत, शक्यतो जाळून नष्ट करायचा. परसातली ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. अण्णांनी जे केलं ते जसंच्या तसं तिथे छापलेलं होतं.

माझ्यासारख्या हातानं काहीतरी करत राहणाऱ्या बाईला हा नियम सुरुवातीला अडचणीचा वाटला. स्वातंत्र्यदिनाची सजावट करायची आणि झेंडा करायचा नाही, मग उरतं काय? १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्यात तर ध्वजाची व्याख्या फार रुंद आहे. कोणत्याही वस्तूपासून बनवलेली ध्वजाची प्रतिकृती, चित्र, छायाचित्र, इतकंच काय त्याचा एखादा भागसुद्धा त्यात येतो. म्हणजे उशीच्या अभ्र्यावर चक्रासकट तीन पट्टे भरले तर तो ध्वजच. संहितेत उशी, हातरुमाल, हात पुसायचे छोटे रुमाल यांची नावं घेऊन मनाई आहे. उशीवर डोकं टेकतं, रुमालाला तोंड पुसलं जातं. कारण विचारायची गरजच पडत नाही.

पण जसजशी करत गेले तसतसं लक्षात आलं की या बंधनानंच माझी सजावट सुधारली. तीन आडवे पट्टे आणि मध्ये चक्र, हा सोपा मार्ग बंद झाल्यावर रंगांकडे पाहावं लागतं. केशरी, पांढरा आणि हिरवा हे रंग आपल्या दारात मुळातच आहेत. झेंडू आहे, तगर आहे, आंब्याची पानं आहेत. दसऱ्याला, पाडव्याला आपण हेच बांधतो. ऑगस्टात बाजारात झेंडू येतोच. आता माझं स्वातंत्र्यदिनाचं तोरण फुलांचंच असतं. दोन आंब्याची पानं, मध्ये झेंडू, मग पांढऱ्या फुलांचा झुपका. तगर दुपारपर्यंत कोमेजते म्हणून निशिगंधाच्या कळ्या घेते, त्या दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरतात. कुठेही ध्वज नाही, पण दारात उभं राहिलेल्या माणसाला कसला दिवस आहे ते विचारावं लागत नाही.

रांगोळीचं तेच. सोसायटीत, शाळांत, कार्यालयांच्या दारात या दिवशी जमिनीवर मोठा झेंडा काढलेला असतो. काढणाऱ्यांची भावना निर्मळ असते, यात मला शंका नाही. पण ध्वज जमिनीला लागू द्यायचा नाही असं संहिता सांगते, आणि आपण तो जमिनीवरच काढतो, दुपारपर्यंत त्यावरून पावलं जातात, संध्याकाळी केरसुणी फिरते. मला ते बघवत नाही. मी कमळ काढते, मोर काढते, नुसत्या वेलबुट्टीत तीन रंग भरते. आमच्या इमारतीतल्या मुलींना हे एकदा समजावून सांगितलं. त्या वर्षी त्यांनी झेंडूच्या पाकळ्यांचा सूर्य काढला, पांढऱ्या रांगोळीचे ढग आणि खाली पानांची शेतं. झेंड्याच्या चित्रापुढे लोक क्षणभर थांबले असते आणि पुढे गेले असते. या चित्रापुढे बायका बसून बोलत राहिल्या.

कागदी कामाची हौस मात्र सुटली नाही, सुटणारही नाही. फक्त आता बाहेर कापड आणि आत कागद, अशी वाटणी केली आहे. ऑगस्टातल्या पावसात कागद बाहेर टिकत नाही, हे चौथीतच शिकले. बाहेरच्या पताका शिंप्याकडच्या उरलेल्या चिंध्यांच्या. सुती कापड आधी धुवून घ्यायचं, ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहायचं. फडक्याला डाग लागला तर ते कापड पुन्हा धुवायचं, आणि तरी रंग गेलाच तर आतल्या कामाला ठेवायचं. केशरी मी सुरुवातीला हळदीत रंगवून पाहिलं होतं. हळद दोन दिवसांच्या उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते. पळसाची फुलं शिमग्याच्या सुमारास वाळवून ठेवली तर त्यांचा पिवळा-नारिंगी उतरतो, तो रंग मला सर्वांत आवडतो. भडक नसतो, उन्हं कलल्यावर भिंतीवर पडणाऱ्या उजेडासारखा असतो.

कापडाच्या पताकाही मी अण्णांच्याच पद्धतीनं करते, शंकरपाळ्याच्या आकाराच्या, दुहेरी. खळीऐवजी धावदोरा.

दोन्ही बाजूंनी सारखं दिसण्याच्या त्यांच्या हट्टाची आठवण मला एकदा अगदी अनपेक्षित ठिकाणी झाली. आपल्या ध्वजावर आधी चरखा होता हे सर्वांना माहीत असतं. पिंगली व्यंकय्या यांनी १९२१ मध्ये बेजवाड्याला गांधीजींपुढे मांडलेल्या आराखड्यापासून चरख्याची कथा सुरू होते, १९३१ मध्ये काँग्रेसनं तिरंगा स्वीकारला त्यावरही चरखाच होता. मग २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेनं आजचा ध्वज स्वीकारला तेव्हा तिथे सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलं. का, याचं एक कारण पंडित नेहरूंनी सभेतच सांगितलं होतं: ध्वजावरचं चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखं दिसलं पाहिजे. चरख्याची चाती एका बाजूला, चाक दुसऱ्या बाजूला. मागून पाहिलं की तो उलटा होतो. चाक मात्र कुठूनही चाकच. हे वाचताना मला सोप्यातली सतरंजी दिसली, आणि खळीनं माखलेली अण्णांची बोटं. ज्यानं हातानं पताका केली आहे त्याला नेहरूंचं ते म्हणणं लगेच कळतं.

हाताच्या कामाचा आणि या ध्वजाचा संबंध मुळापासूनचा आहे. मादाम भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्ट इथे समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताचा ध्वज उंचावला. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्' असलेला तो ध्वज पुण्याच्या केसरीवाड्यात जपला आहे. कधी गेलात तर जरा वेळ काढून पाहा. एकही छापखाना, एकही कारखाना त्या ध्वजाच्या पाठीशी नव्हता, होते ते फक्त काही माणसांचे हात. पुढे कित्येक दशकं राष्ट्रध्वज हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या खादीचाच असायला हवा, असा नियम होता. आपल्याकडे नांदेडला आणि कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीला खादीचे ध्वज तयार होतात. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं यंत्रावरच्या कापडाला आणि पॉलिस्टरलाही परवानगी मिळाली. त्यामुळे ध्वज घरोघरी पोचला, याचा मला आनंद आहे. तरीही मी खादीचाच घेते. महाग पडतो, पण हातात घेतल्यावर त्याचा पोत बोटांना लागतो, आणि कोणीतरी हे सूत काढलं आहे, हे विसरता येत नाही.

ध्वज मी घरी करत नाही. तो प्रमाणानं केलेला असावा, तीनास दोन, रंग ठरलेले, चक्र ठरलेलं. तो विकत घ्यावा, नीट लावावा, आणि त्याच्याभोवती आपल्या हातांनी काय करायचं ते करावं. हे भोवतीचं कामही विचारानं करावं लागतं. पहिल्या वर्षी मी गॅलरीच्या कठड्याला ध्वज लावला आणि छताला पताका. संध्याकाळी संहिता पुन्हा चाळताना दिसलं, पताका ध्वजापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीनंही असू नयेत, काठीच्या टोकावर फुलं, हार काही असू नये. रात्री स्टुलावर चढून सगळ्या पताका उतरवल्या आणि कठड्याच्या खालच्या गजांना बांधल्या. खालून पाहिलं तर ते जास्तच छान दिसत होतं. ध्वज वर एकटा, मोकळा, आणि खाली पताकांची ओळ. भिंतीवर ध्वज उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा आपण समोर उभे राहिल्यावर आपल्या डाव्या हाताला यायला हवा, हेही अनेकांना माहीत नसतं. चूक दिसली तर मी सांगते. आजवर कोणी वाईट वाटून घेतलेलं नाही.

गेल्या वर्षी नात सुट्टीला आली होती. सात वर्षांची आहे. तिनं रस्त्यावर विकत घेतलेला एक छोटा झेंडा आणला आणि चक्राचे आरे मोजत बसली. सोळा भरले. पुन्हा मोजले, सोळाच.

"आजी, चोवीस असतात ना? मॅमनी चोवीस सांगितले."

"चोवीसच असतात."

"मग यानं आठ का काढले नाहीत?"

काय उत्तर द्यायचं? छापणाऱ्याला घाई होती, इतकंच. मी तिला म्हटलं, चल, आपण चोवीस करू. एक वाटी पालथी घालून पांढऱ्या कागदावर वर्तुळ काढलं, कापलं. अर्धी घडी घातली. ते अर्धवर्तुळ तीन सारख्या भागांत दुमडायचं, ही एकच अवघड पायरी. तिनं दोनदा चुकवली, तिसऱ्यांदा कडा जुळल्या. मग पुन्हा अर्धी घडी. पुन्हा अर्धी. हातात कागदाचा अगदी अरुंद, जाडसर सुळका राहिला. तिनं तो दाताखाली धरल्यासारखा घट्ट दाबला आणि मग उलगडला.

मधोमध सगळ्या रेषा एकत्र येत होत्या. तिनं पेन्सिलीनं एका घडीवर खूण केली आणि तिथून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. बाविसाव्या घडीला आवाज हळू झाला. चोविसावी घडी खुणेच्या अलीकडेच संपली, तेव्हा ती काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मी तिला कंपासनं दाखवलं की वर्तुळाची त्रिज्या परिघावर बरोबर सहा वेळा मावते. सहाचे बारा, बाराचे चोवीस. प्रत्येक दोन आऱ्यांमध्ये पंधरा अंश. तिला अंश अजून शाळेत शिकवलेले नाहीत, पण पोळीच्या तुकड्यावरून तिनं समजून घेतलं.

"आता निळा रंग देऊ आणि दाराला लावू," ती म्हणाली.

"हे दाराला नाही लावायचं."

"का? आपण इतकं छान केलंय."

मी तिला चौथीतली गोष्ट सांगितली. गटार, चपलेचा ठसा, पंचा, परस, सगळी. ती ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "पणजोबा रडले?" मला आठवत नव्हतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

सोळा ऑगस्टला सकाळी आम्ही दोघी पिशवी घेऊन खाली उतरलो. ही माझी बऱ्याच वर्षांची रीत आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकच्या झेंड्यांवर बंदी आली आहे, सजावटीच्या थर्माकोलवरही. त्यामुळे आता प्लॅस्टिकचे कमी सापडतात, पण कागदाचे सापडतातच. बसथांब्याखाली, दुभाजकाला टेकलेले, कोणाच्या गाडीवरून निसटलेले. त्या दिवशी अकरा मिळाले. माझी अशी खात्री आहे की यातला एकही झेंडा त्याच्या मालकानं स्वतः केलेला नव्हता. दोन तास बसून कडा जुळवलेली वस्तू माणूस रस्त्यावर टाकत नाही. टाकवतच नाही. घरी हातानं करण्याचा मला एवढा आग्रह का, असं कोणी विचारलं तर मी ती पिशवी पुढे करेन.

नातीनं एकेक झेंडा उचलून पिशवीत सरळ ठेवला, चुरगळू न देता. ओले होते ते मी वर्तमानपत्रावर वाळवले. संध्याकाळी गच्चीवर, मातीच्या कुंडीत, आम्ही ते जाळले. राख तुळशीत घातली. आमच्याकडे परस नाही, तुळस आहे.

मग पताका उतरवायचं काम. पावसानं दमटलेल्या कापडी पताका खोलीत दोरीवर वाळवून, गुंता होऊ नये म्हणून पुठ्ठ्याला गुंडाळून पत्र्याच्या डब्यात जातात. डबा अण्णांचाच आहे, झाकणाच्या आत त्यांच्या अक्षरात 'पताका' असं लिहिलेलं आहे, रंग अर्धा उडालाय. त्यात त्यांच्या वेळच्या तीन घोटीव कागदाच्या पताका अजून आहेत. केशरी आता बदामी झालाय, पण खळ कुठेही सुटलेली नाही.

"हे पण ठेवू?" नातीनं ते घड्यांचं वर्तुळ पुढे केलं. पांढरंच होतं, रंग दिलेला नव्हता. मी मान हलवली. तिनं ते पुन्हा घड्यांवर घड्या दुमडून सुळक्यासारखं केलं आणि अण्णांच्या पताकांशेजारी ठेवलं.

जानेवारीत, प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या संध्याकाळी, ती पुन्हा आली. डबा उघडला तेव्हा तिनं पताकांना हात लावला नाही. आधी वर्तुळ उलगडलं आणि खिडकीशी नेऊन, उजेडात धरून, बोटानं घड्या मोजायला लागली.